आजी लक्षात राहिली, तेल नाही: एका घाण्याच्या दोन जाहिरातींचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका लाकडी घाण्याचं आहे. मालकांनी लिहायला परवानगी दिली ती नाव येणार नाही या अटीवर. म्हणून नाव नाही, आणि ओळख पटेल असे दोनचार तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. आमची एजन्सी एरंडवण्यात, सहा माणसांची. जाहिरातींच्या संहिता लिहिणं हे माझं काम. या प्रकरणात जी चूक झाली ती आमच्याच हातून झाली, हे आधीच सांगून टाकते.

घाणा बापलेकाचा. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात. मुलगा एमबीए करून धंद्यात आलेला. त्याला इथे धाकटे म्हणू. धायरीकडच्या एका शेडमध्ये मोटरवर फिरणारे चार घाणे, कोथरूड आणि सहकारनगरला एकेक दुकान, शिवाय फोनवर ऑर्डर घेऊन घरपोच. शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरं अशी तेलं. त्यातलं शेंगदाण्याचं सर्वांत जास्त खपणारं.

भाव रिफाइंडच्या जवळपास दुप्पट. यात लबाडी नाही. घाण्यात किलोभर शेंगदाणा तेल काढायला अडीच किलोच्या आसपास दाणे जातात. उरलेली पेंड विकून थोडेफार पैसे सुटतात तेवढेच. मोठ्या कारखान्यात दाबून राहिलेलं तेलही हेक्झेनसारख्या द्रावकानं ओढून घेतात, मग ते धुऊन, रंग उडवून, दोनशे अंशांच्या वर वाफ देऊन त्याचा वास घालवतात. घाण्यातली लाट, म्हणजे दाणे चिरडणारा लाकडी दांडा, सावकाश फिरते, तेल फारसं तापत नाही, आणि दाण्याचा वास तेलातच राहतो. हे तेल टाकीत निवळायला ठेवतात आणि वरचं स्वच्छ तेल भरतात. तरी बाटलीच्या तळाशी थोडा साका बसतोच, आणि नवं गिऱ्हाईक ते बघून फोन करतं की तेल खराब निघालं.

अडचण अशी की गेल्या काही वर्षांत पुण्यात दर दोन चौकांमागे एक घाणा झाला. सगळ्यांची लेबलं पिवळी, सगळ्यांवर बैल, सगळीकडे ‘शुद्ध’ आणि ‘पारंपरिक’. आमच्या मालकांचंही लेबल तसंच. तेव्हा आम्ही तिकडे फार लक्ष दिलं नाही.

पहिली फिल्म

दिवाळीच्या आधी धाकटे आले आणि म्हणाले, “मॅडम, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.” आमचा ब्रीफ एवढाच होता आणि तो आम्ही मनापासून पाळला.

नव्वद सेकंदांची फिल्म. परदेशी निघालेल्या नातवाची बॅग आजी भरते आहे. लोणच्याची बरणी, चटणी, लाडवांचा डबा. नातू वजनकाटा बॅगेच्या मुठीला अडकवतो आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लावतो. आजी काही बोलत नाही, बरणी परत फळीवर ठेवते. रात्री ती झोपल्यावर नातू स्वतःचे बूट आणि जाकीट बाहेर काढतो आणि बरणी आत ठेवतो. सकाळी आजीला दारात ते बूट दिसतात. चौऱ्याऐंशीव्या सेकंदाला लोगो.

तेल कुठे होतं? ओट्यावर, आजीच्या मागे, दोन सेकंद. आमचं समर्थन तयार होतं: लोणचं तेलातलंच, म्हणजे तेल आलंच की. एडिटच्या टेबलावर आमचा एडिटर रडला. मालकांच्या घरी सगळे रडले. अण्णा तेवढे गप्प होते. ते म्हणाले, “आजी चांगली आहे.” त्या वाक्यात ‘पण’ होता, तो मला ऐकू यायला दोन महिने लागले.

फिल्म गाजली. लोकांनी आपणहून फॅमिली ग्रुपवर पाठवली. व्ह्यूज लाखांच्या घरात गेले, त्यातले बरेच विकतचे, पण सगळे नव्हेत. नागपूर, सोलापूर, न्यू जर्सीहून लोकांनी आपापल्या आजीच्या आठवणी लिहिल्या. धाकट्यांनी दोन्ही दुकानांत पेढे वाटले.

दुकानातली विक्री मात्र दर दिवाळीत वाढते तेवढीच वाढली, आणि दिवाळी संपताच उतरली.

कुठे बिघडलं ते कसं कळलं

पहिली खूण कोथरूडच्या काउंटरवर मिळाली. तिथे पंचवीस वर्षं काम करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. मी तेल घ्यायला गेले तर म्हणाले, “ताई, जाहिरात लोकांना फार आवडली हो. रोज दोघंतिघं विचारतात, लोणचं ठेवता का म्हणून.”

मी हसले. स्कूटरपाशी येईपर्यंत हसू गेलं होतं.

मग आम्ही आधीच करायला हवं होतं ते केलं. ओळखीपाळखीतून वीस माणसं जमवली. घरात स्वयंपाकाचं तेल कोण आणतं ते विचारून निवडलेली, आमच्या धंद्यातलं कुणी नाही. त्यांना फोनवर चार जाहिराती सलग दाखवल्या, त्यांत तिसरी आमची. काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून दोनच प्रश्न विचारले: काल काय पाहिलंत? ती जाहिरात कोणाची होती?

सतरा जणांनी आजी सांगितली, कितीतरी तपशिलांसकट. एका बाईंनी बुटांचा रंगही सांगितला. घाण्याचं नाव तिघांनी घेतलं. चौघांनी एका मोठ्या तेल कंपनीचं नाव सांगितलं, म्हणजे आमच्या पैशांनी आम्ही त्यांची जाहिरात केली. दोघांना ती मसाल्याची वाटली. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना विम्याची वाटली, आणि त्यांनी कारणही दिलं: “म्हातारी माणसं आणि परदेशी मुलं असली की विमाच असतो.” वीस माणसांच्या चाचणीला सर्वेक्षण म्हणत नाहीत हे मला माहीत आहे. पण आकडे इतके एकतर्फी होते की वाद घालायला जागा नव्हती.

मी आणि एडिटर त्या संध्याकाळी नाव झाकून फिल्म पाहत बसलो. तेलाच्या जागी लोणच्याचा मसाला ठेवला, गोष्ट तशीच राहते. बॅगांची कंपनी ठेवली तर उलट आणखी चांगली होते. गोष्टीला तेलाची गरजच नव्हती.

फेविकॉलची ती जुनी बसची जाहिरात आठवा. राजस्थानातल्या खडबडीत रस्त्यानं बस निघाली आहे, टपावर, मागे, बाजूला माणसं लगडलेली, बस हेलकावे खाते आहे आणि एकही माणूस खाली पडत नाही. बसच्या मागच्या बाजूला फेविकॉलची पाटी. संवाद नाहीत. पण पाटी काढली तर उरते ती फक्त गर्दीची बस. विनोद त्या पाटीमुळेच होतो, म्हणून विनोद आठवला की नाव आठवतंच. लिज्जतच्या जाहिरातीतला ससाही तसाच. तो पापडाचा कुरकुरीत आवाज सोबत घेऊनच डोक्यात येतो. आमची आजी डोक्यात येत होती ती एकटीच.

दुसरं कारण वेळेचं. यूट्यूबवर पाच सेकंदांनी ‘स्किप’चं बटण येतं, आणि आमचं नाव चौऱ्याऐंशीव्या सेकंदाला. जे शेवटपर्यंत थांबले त्यांचीही दाद बुटांच्या दृश्याला देऊन झालेली असायची, आणि नंतर येणारी पाटी म्हणजे नाटक संपल्यावरचे आभार. तिसरं कारण ते पिवळं लेबल. नाव ज्यांच्या नजरेला पडलं त्यांनाही ‘एक कुठलातरी घाणा’ एवढंच उरलं.

समोरचे पर्याय

संक्रांतीच्या सुमाराला मालकांसमोर बसलो. पहिल्या फिल्मचं बिल आम्हाला मिळालं होतं आणि मालक खूश होते. एजन्सीत एक मत असं होतं की गप्प बसावं. कौतुक होतंय ते होऊ द्यावं. मला हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय वाटतो. आम्ही चाचणीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. धाकट्यांचा चेहरा पडला. अण्णा म्हणाले, “म्हणजे मला वाटलं ते बरोबर होतं.”

पर्याय चार निघाले.

पहिला स्वस्त होता: आहे त्याच फिल्मच्या सुरुवातीला नाव टाकायचं, कोपऱ्यात लोगो कायम ठेवायचा, तीस सेकंदांचा कट काढायचा. एडिटरनं तो एका रात्रीत करून पाहिला. कोपऱ्यात लोगो ठेवून आजी रडते आहे हे दृश्य लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसलं. आणि मूळ दुखणं तसंच: गोष्टीला तेल नको होतं.

दुसरा पर्याय धाकट्यांचा. मालिकेतली एक लोकप्रिय अभिनेत्री घ्यायची. तिचं एका दिवसाचं मानधन म्हणजे आमचं जवळजवळ सगळं बजेट, मग दाखवायला पैसे उरत नव्हते. शिवाय ओळखीचा चेहरा आला की लोक चेहरा लक्षात ठेवतात. आजीच्या बाबतीत तेच झालं होतं आणि ती तर अनोळखी होती.

तिसरा अण्णांचा. त्यांना आरोग्यावर बोलायचं होतं: ‘कोलेस्टेरॉलमुक्त’, ‘हृदयाचं रक्षण’. यावर आमचं तासभर वाजलं. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांत असतं. शेंगदाण्याच्याच काय, कुठल्याच वनस्पती तेलात ते सांगण्याजोगं नसतं. ते आपलंच वैशिष्ट्य असल्यासारखं सांगणं म्हणजे ‘आमच्या दुधात दगड नाहीत’ असं सांगण्यासारखं. हृदयाच्या दाव्याला पुरावा लागतो. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दावे यांवर २०१८ चे नियम आहेत, आणि जाहिरात क्षेत्रानं स्वतः १९८५ मध्ये स्थापन केलेली आस्की ही संस्था अशा तक्रारी घेते. अण्णा म्हणाले, “सगळे लिहितात.” मी म्हटलं, “म्हणूनच आपण लिहिलं तर आपण कोण ते कळणार नाही.” नियमांपेक्षा हे त्यांना पटलं असावं.

चौथा पर्याय म्हणजे नवी, छोटी फिल्म, ज्यात तेल काढलं तर गोष्टच राहणार नाही. कशी, ते आमच्याकडे नव्हतं. कोरा कागद दाखवून मालकांकडे पैसे मागणं सोपं नसतं. त्यांनी दिले, ते अण्णांच्या त्या ‘मला वाटलं ते बरोबर होतं’ मुळे.

काउंटरवरचा दिवस

कल्पना ऑफिसात बसून सुचली नाही. सुचल्या त्या सगळ्या पहिल्या फटक्यातल्या होत्या. पुणेरी पाटी, वाड्यातली भांडणं, दुपारी एक ते चार दुकान बंद. पुण्याची जाहिरात म्हटलं की हे तिन्ही विनोद आपणहून समोर येऊन उभे राहतात. त्यांची एक यादी केली आणि भिंतीवर लावली, ‘हे नाही’ म्हणून.

मग मी कोथरूडच्या दुकानात एक अख्खा दिवस स्टूल टाकून बसले. साडेअकराच्या सुमाराला एक गृहस्थ आले. भाव ऐकला आणि सुरू झाले. अहो, हे काय, सुपरमार्केटात निम्म्या भावात मिळतं, तुम्ही लोक नावाखाली लुटता, आमच्या वडिलांच्या वेळी वगैरे. मामांनी त्यांना मध्ये तोडलं नाही. किटली उचलली आणि म्हणाले, “आधी हात पुढे करा.”

गृहस्थांनी बोलता बोलता हात पुढे केला. मामांनी तळहातावर एक थेंब सोडला. “चोळा.” त्यांनी दोन्ही हात चोळले, नाकाशी नेले आणि वाक्य अर्ध्यातच राहिलं. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, “दोन किलो द्या.”

दिवसभरात मी हे अकरा वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी विकत घेतलंच असं नाही. एक बाई वास घेऊन म्हणाल्या, “उग्र आहे,” आणि गेल्या. पण प्रत्येक वेळी माणूस क्षणभर गप्प झाला. संध्याकाळी मामांना विचारलं, हे कुणी शिकवलं? “शिकवायचं काय त्यात? वास नसेल तर घाणा कशाला फिरवायचा?”

रिफाइंडचा थेंब तळहातावर घेऊन कुणी असं करणार नाही, कारण त्यातून वास काढूनच टाकलेला असतो. म्हणजे जी गोष्ट या तेलाला दुप्पट भाव मागायचा हक्क देते, तीच ही कृती दाखवत होती. वास पडद्यावर येत नाही, पण वास घेतलेलं माणूस येतं. वाक्यही तयार होतं. आम्ही टॅगलाइन लिहिलीच नाही, मामांचं वाक्य घेतलं: ‘आधी हात पुढे करा.’

करताना घेतलेले निर्णय

संहिता पंचवीस सेकंदांची. पहिल्या चौकटीत तळहात, त्यावर थेंब पडतो. गिऱ्हाईक भावावरून बोलत असतं ते थांबतं. “दोन किलो द्या.” पुढचं दृश्य रस्त्यावरचं: तेच गृहस्थ सिग्नलला स्कूटरवर, डबा पायाशी. इकडेतिकडे बघतात आणि हळूच पुन्हा तळहाताचा वास घेतात. शेजारच्या स्कूटरवरच्या बाई बघताहेत हे त्यांना कळतं. सिग्नल सुटतो. नाव आणि वाक्य.

धाकट्यांना यात करडई, तीळ आणि खोबरंही हवं होतं, घरपोचचा फोन नंबर आणि ‘१००% शुद्ध’ही. पंचवीस सेकंदांची फिल्म चाळीसवर गेली असती. आम्ही अडून बसलो: एक थेंब, एक तेल. नंबर शेवटच्या चौकटीत तेवढा गेला.

नाव कुठे यायचं, यावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. पहिल्या सेकंदाला लोगो टाकला की लोक जाहिरात म्हणून ओळखून अंगठा वर सरकवतात. शेवटी टाकला की काय होतं ते आम्ही भोगलं होतं. तोडगा किटलीत सापडला. मामांची किटली पितळी, जुनी. तांबट आळीतून तिच्या पोटावर मोठ्या अक्षरांत नाव कोरून आणलं. थेंब पडतो त्या चौकटीत किटली असतेच, म्हणजे दुसऱ्या सेकंदाला नाव दिसतं, आणि ते जाहिरातीचं नाव वाटत नाही, किटलीचं वाटतं. पुढे दोन्ही दुकानांत तशाच किटल्या ठेवल्या.

आवाजाचा प्रश्न निराळा. फोनवर जाहिराती बहुतेक वेळा मुक्यानेच पाहिल्या जातात. मामांचं वाक्य हा फिल्मचा कणा, आणि ते ऐकूच आलं नाही तर? आम्ही रफ कट, म्हणजे फिल्मची कच्ची जोडणी, आवाज बंद करून पाहिला. हात, थेंब, चोळणं, नाक, चेहरा, दोन बोटं वर करून “दोन” — गोष्ट कळत होती. वाक्य मोठ्या अक्षरांत खाली दिलं. आवाज असेल त्यांच्यासाठी मागे घाण्याची करकर ठेवली, संगीत काढून टाकलं. कोथरूडच्या एका चित्रपटगृहात मध्यंतराआधी ही फिल्म लावली होती, त्यासाठी वेगळं सेन्सॉर प्रमाणपत्र घ्यावं लागलं. तिथे अंधारात ती करकर सुरू झाली की लोक वेफर्स खायचे थांबायचे, हे मी दोन वेळा जाऊन पाहिलं आहे.

बैल. अण्णांना शेवटच्या चौकटीत बैल हवा होता, लेबलावर आहे तसा. जाहिरातीत जनावर वापरायचं तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी काढावी लागते, ही एक कटकट. पण खरी अडचण ती नव्हती. शेडमध्ये बैल नाही, मोटर आहे. उद्या कुणी धायरीला बघायला आलं तर? अण्णा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “माझ्या वडिलांकडे होता.” आम्ही बैल घेतला नाही. मोटरही दाखवली नाही, हेही कबूल करते.

मामांनीच मामांचं काम करावं अशी माझी इच्छा. कॅमेरा समोर आला आणि पंचवीस वर्षं रोज म्हटलेलं वाक्य त्यांना म्हणता येईना. सतरा टेक झाले. सतराव्याला त्यांनी ‘कृपया आधी आपला हात पुढे करावा’ म्हटलं आणि सगळं युनिट खाली बसलं. शेवटी हात त्यांचे ठेवले, चेहरा एका नाटकातल्या नटाचा. आवाज मामांचाच, पण तो आठवडाभरानं दुकानात गिऱ्हाईक असताना, त्यांच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेला. नंतर ऐकवून परवानगी घेतली. मानधन दिलं, त्यांनी आधी नाकारलं, मग मुलीच्या नावानं घेतलं.

सिग्नलचं दृश्य नळस्टॉपला करायचं स्वप्न होतं. गर्दी आणि परवानग्या बघून रविवारी सकाळी साडेसहाला एका लहान चौकात केलं. स्कूटरवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट घातलं. पुण्यात हेल्मेटवर बोलू नये, पण जाहिरातीत घालावं. त्यामुळे वास घ्यायला आधी काच वर करावी लागली, आणि ती काच वर करण्याची चोरटी हालचाल हीच फिल्ममधली सर्वांत विनोदी जागा ठरली. ती कुणालाच सुचली नव्हती.

दाखवण्याच्या पैशांचा निर्णय मात्र दहा मिनिटांत झाला. पहिल्या वेळी फिल्म जगभर गेली आणि न्यू जर्सीत कुणी तेल नेऊन देत नव्हतं. या वेळी दोन दुकानांपासून जिथवर घरपोच जातं तेवढ्याच भागात पैसे लावले. व्ह्यूज पहिल्या फिल्मच्या तुलनेत अगदी कमी. धाकट्यांना ते दर सोमवारी खटकायचं.

काय घडलं

तीच चाचणी पुन्हा केली, माणसं नवी. अकरा जणांनी नाव बरोबर सांगितलं. आणखी तिघांनी नाव नाही, पण ‘तो हातावर थेंब टाकणारा घाणा, कोथरूडचा’ असं सांगितलं. मोठ्या कंपनीचं नाव एकानं घेतलं. आणखी एक प्रश्न या वेळी विचारला होता: आवडली का? ‘छान होती’, ‘बरी होती’ अशी उत्तरं आली. रडलं कुणी नाही, फॅमिली ग्रुपवर पाठवली कुणी नाही. पहिल्या फिल्मपेक्षा ही कमी आवडली आणि जास्त कामाला आली, हे वाक्य ग्राहकाला समजावून सांगायला मला अजूनही जड जातं.

दुकानातला बदल मामांनी सांगितला. लोक आत येतात आणि काही न बोलता हात पुढे करतात. लहान मुलंही. भावावरून हुज्जत घालणारे कमी झाले की काय ते सांगता येत नाही, पण थेंबाआधी घालत नाहीत.

विक्रीबद्दल जपून बोललं पाहिजे. फिल्म पुढच्या दिवाळीच्या तोंडावर लागली, आणि दिवाळीत तेल खपतंच. म्हणून आम्ही जानेवारीकडे बघायचं ठरवलं, जेव्हा दिवाळीसारखा मोठा सण नसतो आणि लोक खर्च आवरतात. दोन्ही दुकानांतली विक्री आदल्या जानेवारीपेक्षा साधारण पाचव्या हिश्शानं जास्त निघाली. त्यातलं किती फिल्मचं, किती किटलीचं, किती त्या रस्त्यावरचा दुसरा घाणा मधल्या काळात बंद पडला त्याचं, हे वेगळं काढता येत नाही. मामांना वहीत विचारून लिहायला सांगितलं होतं, कुठून कळलं म्हणून. पहिल्या आठवड्याच्या रेघा आहेत, मग एका पानावर दुधाचा हिशेब.

घरपोचची विक्री हलली नाही.

आज पुन्हा करायचं झालं तर

घरपोचचं कोडं आम्हाला आधी दिसायला हवं होतं. फिल्म सांगत होती, हात पुढे करा. आणि फोनवर ऑर्डर देणाऱ्याच्या हातावर थेंब टाकायला कुणी नव्हतं. पहिल्या डिलिव्हरीबरोबर अत्तराच्या कुपीएवढी छोटी बाटली आणि मामांच्या वाक्याची चिठ्ठी द्यायची, हे आम्हाला चार महिन्यांनी सुचलं. तोवर पैसे खर्च होऊन गेले होते.

काउंटरची तयारीही कमी पडली. शनिवारी संध्याकाळी पंधरा माणसं हात पुढे करून उभी आणि किटली एक. सहकारनगरच्या दुकानातला मुलगा नवा. तो थेंबाऐवजी धार सोडायचा आणि लोक शर्टाला हात पुसत बाहेर पडायचे. जाहिरातीनं दिलेला शब्द दुकानात पाळणाऱ्या माणसाला फिल्म लागायच्या आधी आठवडाभर तालीम द्यायला हवी होती. हात पुसायला कागद ठेवायला हवे होते. आता ठेवतात.

चाचणी. वीस माणसं आणि दोन फोन, याला खर्च जवळजवळ नाही. पहिल्या फिल्मचा रफ कट घेऊन हेच केलं असतं तर आजीची गोष्ट तिथेच थांबली असती, किंवा आजीच्या हातात बरणीऐवजी तेल आलं असतं. आम्ही केलं नाही, कारण एडिटच्या टेबलावर सगळे रडत होते आणि रडणाऱ्या माणसाला ‘ही जाहिरात कोणाची?’ असं विचारणं असभ्य वाटतं.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. एडिटरचं म्हणणं, पहिली फिल्म वाया गेली नाही. आजीमुळे निदान तिघांच्या डोक्यात नाव गेलं आणि दुसरीनं त्यावर काम केलं. माझं म्हणणं, ते पैसे दुसऱ्या फिल्मला मिळाले असते तर सहकारनगरला दुसरी किटली आणि दुसरा माणूस ठेवता आला असता. दोघांकडे पुरावा नाही.

आणि लेबल. ते अजून पिवळंच आहे, बैलासकट. दुकानात किटली ओळखू येते, पण लोकांच्या घरात, ओट्यावर, जी बाटली दिसते ती शेजारच्या घाण्याच्या बाटलीची जुळी बहीण. फिल्मच्या आधी ते बदलायला हवं होतं, हे आता धाकट्यांनाही मान्य आहे. अण्णांनी मात्र छापखान्यातून एकदम मोठा गठ्ठा घेतलेला होता, स्वस्त पडतो म्हणून. शेडच्या माळ्यावर त्याची अजून दोन खोकी शिल्लक आहेत.